प्रबंध लिहिता लिहिता संशोधक होताना

श्रोतेहो, नमस्कार.

पीएच.डी. करणारं कुणी भेटलं, की मी एक प्रश्न हमखास विचारतो. "तुमचं काम गाईडखेरीज आणखी कुणी वाचलंय का?" बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "अजून नाही. पूर्ण झालं की दाखवेन." हे ऐकलं की मला काळजी वाटते. विषय त्यांना येत असतो, प्रयोग जमत असतात, आकडेमोडही चोख असते. घोडं अडतं ते हे सगळं दुसऱ्यासमोर ठेवायची वेळ येते तेव्हा. जर्नलकडे, म्हणजे संशोधन-नियतकालिकाकडे, आलेलं लेखन छापण्याआधी तपासणारा परीक्षक, सहलेखक, सेमिनारला बसलेला परक्या विषयाचा प्राध्यापक, पाच वर्षांनी आपला डेटा उघडणारा कुणी अनोळखी संशोधक, या सगळ्यांशी नीट व्यवहार करता येणं हीच या पेशातली मुख्य कौशल्यं आहेत. पदवी हातात पडली म्हणून ती येत नाहीत. पीएच.डी.च्या वर्षांतच ती अंगवळणी पाडून घ्यावी लागतात.

हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये लंडनमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केलं. त्याआधी विद्वान मंडळी आपले शोध बहुतेक पत्रांतून एकमेकांना कळवत. ते छापून सगळ्यांसमोर, तारखेसह मांडायची सोय झाली आणि कुणालाही ते तपासून बघता येऊ लागले. आपण आज पेपर, म्हणजे शोधनिबंध, जर्नलला पाठवतो, तो याच परंपरेत.

तेव्हा पहिली सवय लिहिण्याची. प्रबंध शेवटच्या वर्षी 'लिहायला घ्यायचा', असं अनेक जण मनाशी धरून चालतात. मला ते मुळीच पटत नाही. दर आठवड्याला थोडं लिहावं आणि ते कुणाला तरी वाचायला द्यावं. वाचलेल्या प्रत्येक पेपरवर तीन-चार ओळी लिहिल्या तरी पुष्कळ झालं. लेखकाचा प्रश्न काय होता, त्याने उत्तर कसं शोधलं आणि मला त्यातलं काय पटलं नाही. ही तिसरी ओळ सर्वांत मोलाची, कारण तिच्यातूनच पुढे आपला स्वतःचा प्रश्न उभा राहतो.

आता परीक्षकांच्या अहवालाविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण इथे चांगले चांगले विद्यार्थी खचतात. पेपर पाठवला, काही महिने गेले आणि एक दिवस दोन परीक्षकांचे अहवाल ईमेलने आले. पहिल्या वाचनात टोचणारी वाक्यं तेवढी नजरेत भरतात. त्या दिवशी उत्तर लिहायला बसू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक तक्ता करा. एका रकान्यात परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा त्याच्याच शब्दांत, शेजारी आपलं उत्तर आणि त्यापुढे बदल कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत केला ते.

समजा, परीक्षकाने लिहिलंय, "मुलाखती दिलेले सगळे कामगार एकाच वयोगटातले दिसतात, मग निष्कर्ष सर्व कामगारांना कसा लागू पडतो?" यावर "आमचा नमुना पुरेसा आहे" एवढंच लिहिणं म्हणजे दार लावून घेणं. त्याऐवजी असं लिहिता येतं: "मुद्दा मान्य आहे. सर्व सहभागी २५ ते ३५ वयाचे आहेत, हे आता पद्धतीच्या भागात स्पष्ट नमूद केलं आहे. निष्कर्षात 'कामगार' होतं तिथे 'तरुण कामगार' असा बदल केला आहे आणि मर्यादांच्या परिच्छेदात याबद्दल दोन वाक्यं वाढवली आहेत." संपादकाला काही शोधत बसावं लागत नाही. परीक्षकाचं म्हणणं पटलं नाही, तर तसंही सांगावं, मात्र कारण आणि पुरावा देऊन. आणि त्याने आपलं वाक्य चुकीचं समजून घेतलं असेल, तर उत्तरात खुलासा करून थांबू नका. ते वाक्यही दुरुस्त करा. पुढचा वाचकही तिथेच अडखळेल.

दुसरा नाजूक विषय म्हणजे पेपरवरची नावं. यावरून वर्षानुवर्षांचे संबंध बिघडतात. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणायचं याचे ४ निकष ठरवले आहेत, आणि ते चारही पूर्ण व्हावे लागतात. कामाच्या आखणीत किंवा माहिती गोळा करण्यात, तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक सुधारणेत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. नुसतं पद किंवा निधी मिळवून देणं यात बसत नाही. शिवाय नावांच्या क्रमाचा अर्थ विषयागणिक बदलतो. गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमे येतात, तर प्रयोगशाळेतल्या विषयांत शेवटचं नाव बऱ्याचदा गटप्रमुखाचं असतं. म्हणून काम सुरू होतानाच विचारावं, "सर, या पेपरमध्ये कोण काय करणार आणि नावं कशी यायची, हे एकदा ठरवून घेऊ या का?" आणि ठरलेलं त्याच दिवशी ईमेलवर लिहून ठेवावं. खरं सांगायचं तर हा विषय गाईडनेच काढायला हवा. ज्या विद्यार्थ्याची पदवी आपल्या सहीवर अवलंबून आहे, त्याने तो काढावा म्हणून गाईडने वाट बघणं योग्य नाही. मार्गदर्शक मंडळी ऐकत असतील, तर त्यांना माझी ही कळकळीची विनंती आहे.

बोलण्याचा सराव तर आजपासूनही करता येतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये 'थ्री मिनिट थीसिस' ही स्पर्धा सुरू केली. आपलं सगळं संशोधन ३ मिनिटांत, एकाच स्थिर स्लाइडवर, विषयाबाहेरच्या माणसाला कळेल असं सांगायचं. वेळ ओलांडली की बाद. स्पर्धेत उतरा अगर उतरू नका, घड्याळ लावून हे एकदा करून पाहाच. "माझ्या विषयाची पार्श्वभूमी अशी की" इथून सुरुवात केलीत, तर पहिलं मिनिट तिथेच संपतं. थेट प्रश्नापासून सुरुवात करावी लागते, आणि आपला नेमका प्रश्न कोणता हे आपल्यालाच धड सांगता येत नाही, हेही बऱ्याचदा त्याच वेळी लक्षात येतं.

साधनांचं थोडक्यात सांगतो. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा १६ अंकी ओळखक्रमांक पहिल्याच वर्षी काढून ठेवा. तो मोफत मिळतो आणि सारख्या नावांचा घोळ टळतो. संदर्भांची नोंद ठेवायला झोटेरोसारखं सॉफ्टवेअर वापरा. डेटाच्या प्रत्येक फाइलसोबत कुठल्या रकान्यात काय आहे, हे सांगणारी साधी टीप ठेवा. पैसे घेऊन आठवडाभरात छापून देण्याचं आश्वासन देणाऱ्या जर्नलपासून चार हात दूर राहा. तुमच्या विषयातले जाणते लोक तिथे लिहितात का, संपादक मंडळावरची माणसं खरोखर त्या मंडळावर आहेत का, एवढं तपासलं तरी बरंच कळतं.

आणि एक मागणी गाईडकडे जरूर करा. त्यांच्याकडे परीक्षणासाठी पेपर येत असतात. संपादकाची परवानगी घेऊन त्यातला एखादा तुम्हालाही वाचू द्यावा, अशी विनंती करा. परवानगी मात्र आधी हवी, कारण ते हस्तलिखित गोपनीय असतं. ते एआय साधनांत टाकायलाही अनेक जर्नल्स मनाई करतात. होकार आला, की दोघांनी आपापला अहवाल स्वतंत्र लिहायचा आणि नंतर दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे. गाईडने हेरलेलं आपल्या नजरेतून काय निसटलं, ते तिथे दिसतं. कधी कधी उलटही घडतं, विद्यार्थ्याने पकडलेली चूक गाईडने पाहिलेलीच नसते. मग एकत्रित अहवाल जातो आणि त्यात तुमचाही वाटा आहे, हे संपादकाला कळवलेलं असतं.

नमस्कार.