दोन रुळांमधलं अंतर

श्रोतेहो, नमस्कार.

लोकल फलाटाला लागताना आपली नजर डब्याच्या दारावर असते. उद्या गाडी यायच्या आधी जरा खाली रुळांकडे बघा. रुळांखाली काँक्रीटचे करडे, आडवे ठोकळे दिसतील. हे स्लीपर.

दोन रुळांमधलं अंतर राखणं हे त्यांचं काम. आपल्या ब्रॉडगेजवर ते १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. वळणावर गाडी रुळाला बाहेर रेटते, मे महिन्यात तापलेला रूळ वाकू पाहतो. तरी अंतर ढळता कामा नये. शिवाय भार आहेच. चाक रुळाला टेकतं ती जागा जेमतेम नखाएवढी, आणि तिच्यावर टनावारी वजन. रूळ ते स्लीपरवर देतो, स्लीपर खडीत पसरवतो, तेव्हा कुठे खालची जमीन ते पेलते.

पूर्वी स्लीपर लाकडाचे असत. साल, साग, देवदार. लाकूड धक्का छान सोसतं, पण आपल्या पावसात कुजतं, वाळवी लागते. आणि त्यासाठी किती जंगलं तुटली, ते आठवलं की वाईट वाटतं. मग बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि पोलाद आलं. तिथे अडचण निराळी. गाडी कुठे आहे हे सिग्नलला कळावं म्हणून रुळांतून हलकी वीज सोडतात. चाकं आली की दोन्ही रूळ जोडले जातात आणि सिग्नल लाल होतो. स्लीपरच लोखंडी असला, तर गाडी नसतानाही रूळ जोडलेलेच!

मग काँक्रीटचे स्लीपर आले. त्यांच्यात ओढून ताणलेल्या पोलादी तारा असतात. काँक्रीट घट्ट झालं की ताण सोडतात, तारा आखडू बघतात आणि काँक्रीटला आतून आवळून धरतात. म्हणून चाकांखाली ते सहजी तडकत नाही. मला ही युक्ती फार सुंदर वाटते. एकेका स्लीपरचं वजन अडीचशे किलोच्या वर. वीज अडवायला आणि धक्के सोसायला रुळाखाली रबराची गादी, रूळ स्लीपरला पकडून ठेवणाऱ्या क्लिपखाली प्लॅस्टिकचा तुकडा.

एक कळकळीची विनंती. खिडकीतून पिशव्या, बाटल्या टाकू नका. खडीतल्या फटी बुजल्या की पावसाचं पाणी मुरत नाही, चिखल होतो आणि प्रत्येक गाडीबरोबर स्लीपर खालीवर हलू लागतो. मग शेवटची लोकल गेल्यावर गँगमन फावडी घेऊन ती खडी उपसत बसतात. आणि रोज कीमन हातोडी घेऊन रुळाकडेनं चालतो, क्लिपा बघत. सैल झालेली दिसली की तिथेच थांबून ठोकून बसवतो, आणि पुढे निघतो.