गावाकडच्या आईला 'शुगर नाही', हे कुणी ठरवलं?

नमस्कार मंडळी. खाली कमेंटमध्ये पुन्हा पुन्हा एकच येतंय: 'गावी बाबांना शुगर आहे, आईला नाही. बायकांना कमीच होते ना?' मुंबईत राहून फोनवरून गावच्या तब्येती सांभाळणाऱ्यांनो, आज एवढंच बोलू.

आकडे पटकन. रक्तातली साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) उपाशीपोटी 126, किंवा 75 ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी 200, किंवा एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, 6.5 टक्के, यातलं काहीही तेवढं किंवा जास्त असेल तर मधुमेह. लक्षणं नसतील तर एकदा पुन्हा तपासून खात्री करायची. झालं.

आता मुद्दा. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 'लासी' हे उतारवयातल्या लोकांचं सर्वेक्षण केलं, 45 वर्षांपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून जास्त जणांचं. अशा सर्वेक्षणात प्रश्न असतो, 'डॉक्टरांनी तुम्हाला कधी मधुमेहाचं निदान केलंय का?' अहो, आई दवाखान्यात जाते ती बाबांना घेऊन! रिपोर्टची पिशवी मांडीवर धरून बाहेर बाकावर बसते. तिचं रक्त कुणी घेतलेलंच नाही, मग उत्तर 'नाही'च येणार. ते 'नाही' म्हणजे निरोगी नव्हे.

हेच निरोगी आयुर्मानात घुसतं. 2016-20 च्या नमुना नोंदणीनुसार (जन्म-मृत्यूंची सरकारी पाहणी) देशात पुरुषांचं सरासरी आयुर्मान 68.6 वर्षं, बायकांचं 71.4. निरोगी आयुर्मान काढताना या वर्षांतून आजारपणाची वर्षं वजा करतात. निदानच न झालेल्या बाईची आजारी वर्षं निरोगी खात्यात जमा होतात. म्हणून बायकांची जास्तीची वर्षं कागदावर दिसतात तेवढी सुखाची नसतात.

तिसरी बाजू शिबिराची. 'शिबिरात नॉर्मल आली होती.' कधीची? चहा पिऊन की उपाशी? उतारवयात, विशेषतः बायकांमध्ये, उपाशीपोटीची साखर ठीक आणि खाल्ल्यानंतरची चढलेली, असं बरंच आढळतं. म्हणून नुसत्या उपाशी तपासणीवर थांबू नका, दोन तासांनंतरचीही करा. एचबीएवनसी करत असाल तर सोबत हिमोग्लोबिन बघा. लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. तिशीपुढच्यांची पहिली तपासणी उपकेंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा.

फोनवर 'बरी आहेस ना?' विचारू नका, 'बरी आहे' हेच ऐकाल. शुगरच्या खुणा विचारा. रात्री लघवीला किती वेळा उठतेस? खाली खाज येते का? चालताना चप्पल पायातून निसटली तर कळतं का? खाजेचं ती मुलाला सांगणार नाही. लेकीने, सुनेने विचारा.

आणि हे फार कळकळीने सांगतोय: ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना एकादशी, नवरात्राचे उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. गोळी घेतली आणि खाल्लं नाही की साखर घसरते. घाम, थरथर, बरळणं दिसलं किंवा साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, मग जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. 108 ला फोन करा.