उभे का राहता? : हुजूर पक्षाच्या उमेदवाराची पंचाईत

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

दसरा चौकातून इकडे येताना निवडणुकीचे तीन फलक वाचले. एका उमेदवाराने जनतेच्या आग्रहाखातर, दुसऱ्याने कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर आणि तिसऱ्याने वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने अर्ज भरला आहे. आपल्या कोल्हापुरात, मग ती महापालिका असो, साखर कारखाना असो की दूध संघ, ‘मला हे पद हवे आहे आणि ते अमुक कारणासाठी हवे आहे’ असे सांगणारा माणूस क्वचितच भेटतो. इथे माणूस उभा राहत नाही, त्याला उभे केले जाते. तो पॅनेलमध्ये ‘घेतला जातो’. त्यामुळे ‘उभे का राहता?’ हा प्रश्नच उद्धटपणाचा ठरतो. आज मला या प्रश्नाची काही परकी उत्तरे आपल्यासमोर ठेवायची आहेत, आणि तीही एका विशिष्ट जातकुळीच्या उमेदवारांची, म्हणजे इंग्रजीत ज्यांना कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात त्यांची.

आधी या शब्दाचे काय करायचे ते ठरवले पाहिजे. कोशात पुराणमतवादी, परंपरावादी, सनातनी असे प्रतिशब्द सापडतात. पण कोल्हापुरात ‘सनातनी’ म्हटले की ऐकणाऱ्याचे मन थेट वेदोक्त प्रकरणाकडे, म्हणजे शाहू महाराजांना वैदिक मंत्रांचा अधिकार नाकारला गेला त्या वादाकडे, आणि पंचगंगेच्या घाटाकडे जाते. तो अर्थ मला अभिप्रेत नाही. आपल्या जुन्या वृत्तपत्रांनी ब्रिटनच्या त्या पक्षाला ‘हुजूर पक्ष’ असे नाव दिले होते, ‘मजूर पक्षा’ला यमक जुळवून. त्या नावात थोडी थट्टा आहे, पण मला ते आवडते, म्हणून मी तेच वापरणार आहे. जाता जाता एक योगायोग सांगतो. 26 जुलै 1902 रोजी करवीर संस्थानात निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला, तेव्हा शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त इंग्लंडमध्ये होते, आणि तिथे त्या वेळी हुजूर पक्षाचेच सरकार होते. या हुकुमाकडे मी पुन्हा येणार आहे.

हुजूर पक्षाच्या उमेदवाराची पंचाईत अशी, की समाजवादी उमेदवाराला ‘उभे का राहता?’ असे विचारले तर त्याच्याजवळ सरळ उत्तर असते : सरकारने अमुक करायला हवे आणि ते मी करून घेईन. जो माणूस मुळात सरकारने कमी करावे, जुनी घडी जपून मोडावी, कुटुंब, देऊळ, बाजार आणि गाव यांच्या कारभारात राज्याने फार लक्ष घालू नये असे मानतो, तो त्याच सरकारातली खुर्ची कशासाठी मागतो? दुकान बंद करायच्या इराद्याने कोणी दुकानात नोकरी मागावी, तसे हे आहे. या विसंगतीमुळेच त्याचे उत्तर ऐकण्याजोगे असते, कारण त्याला ते विचार करून द्यावे लागते.

अशा उत्तराचा एक जुना लेखी नमुना डिसेंबर 1834 चा आहे. राजा चौथ्या विल्यमने मेलबर्न यांचे मंत्रिमंडळ घालवून सर रॉबर्ट पील यांना पंतप्रधान केले होते आणि निवडणूक तोंडावर आली होती. पील यांनी आपल्या टॅमवर्थ या मतदारसंघातील मतदारांना एक जाहीर पत्र लिहिले आणि ते वृत्तपत्रांत छापून आणले, म्हणजे पत्र टॅमवर्थला आणि वाचक साऱ्या देशात. दोनच वर्षांपूर्वी, 1832 साली, मताधिकार वाढवणारा सुधारणा कायदा झाला होता आणि पील यांनी त्याला विरोध केला होता. आता त्यांनी लिहिले, की हा प्रश्न कायमचा मिटला आहे, मी तो उकरून काढणार नाही. इतर संस्थांच्या बाबतीत त्यांची भूमिका अशी होती, की जिथे गैरप्रकार सिद्ध होईल आणि तक्रार खरी असेल तिथे दुरुस्ती करू, पण ती स्नेहभावाने करू. एरवी उमेदवार काय करणार ते सांगतो; इथे पंतप्रधानपदावरचा माणूस आपण काय करणार नाही, कुठला पराभव परत लढणार नाही, हे सांगून मत मागतो आहे. ‘करणार नाही’ अशी ही घोषणा हुजूर पक्षीयांच्या उत्तरांत पुढेही वारंवार येते, आणि मला ती त्यांच्या आश्वासनांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते, कारण ती मोडली तर लगेच दिसते. पील यांनी पुढे 1846 मध्ये परदेशी धान्यावर जकात लावणारे धान्य कायदे रद्द केले, तेव्हा त्यांचा स्वतःचा पक्ष दुभंगला.

मार्गारेट थॅचर यांचे उत्तर अधिक घरगुती होते. ग्रँथममधल्या वाणसामानाच्या दुकानदाराची ही मुलगी 1950 आणि 1951 मध्ये डार्टफर्डमधून हरली आणि 1959 मध्ये फिंचलीतून निवडून आली. घर चालवणाऱ्या बाईला जे कळते ते देश चालवणाऱ्यांना कळले पाहिजे, मिळकतीपेक्षा खर्च वाढवू नये, असा तिचा सूर असे. महिन्याच्या शेवटी डब्यातले पैसे मोजणाऱ्या कुणालाही हे पटते. देशाचे अंदाजपत्रक घरच्या हिशेबासारखे नसते असे अर्थशास्त्रज्ञ बजावतात आणि ते बरोबरही आहे, पण निवडणुकीत वाणसामानाचे दुकान अर्थशास्त्राला भारी पडते.

आता मला थोडे रेंगाळायचे आहे ते अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर यांच्यापाशी. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात या घराण्याचे मोठे दुकान होते. 1949 साली ते शहराच्या नगर परिषदेवर निवडून आले आणि 1952 साली सिनेटवर. नगर परिषदेला उभे राहताना त्यांनी दिलेले कारण साधे होते : आपण हातभार लावायला नकार द्यायचा आणि मग शहराच्या कारभारावर टीका करायची, हे शोभत नाही. मराठीत ‘उमेदवारी करणे’ म्हणजे काम शिकणे असाही अर्थ आहे, आणि गोल्डवॉटर यांची ही पहिली उमेदवारी त्या अर्थाची होती. पण 1960 मध्ये त्यांच्या नावाने निघालेल्या छोट्या पुस्तकात हे उत्तर एकदम टोकदार झाले. सरकार अधिक कार्यक्षम करण्यात मला फारसा रस नाही, मला त्याचा आकार कमी करायचा आहे. कायदे करणे हे माझे उद्दिष्ट नाही, कायदे रद्द करणे हे आहे. मतदारांच्या हिताकडे दुर्लक्ष केल्याचा आरोप झाला तर मी सांगेन की त्यांचे मुख्य हित स्वातंत्र्य हेच आहे, असा तिथे आशय आहे. आपल्याकडच्या एखाद्या आमदाराने ‘मी रस्ता आणणार नाही, निधी आणणार नाही’ असे बिंदू चौकातल्या सभेत सांगितले तर काय होईल याची कल्पना करून पाहा. 3 जानेवारी 1964 रोजी, पायावर शस्त्रक्रिया झाली असल्याने कुबड्यांच्या आधाराने, त्यांनी ॲरिझोनातल्या आपल्या घरून अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली आणि लोकांना आपण प्रतिध्वनी नव्हे तर खराखुरा पर्याय देणार असल्याचे सांगितले. नोव्हेंबरात त्यांना सहा राज्ये मिळाली. अध्यक्ष निवडणाऱ्या निवडमंडळातली 52 मते त्यांची आणि 486 त्यांचे प्रतिस्पर्धी, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची.

ती सहा राज्ये कोणती होती हे पाहिले पाहिजे. एक त्यांचे स्वतःचे ॲरिझोना आणि बाकीची पाच खोल दक्षिणेतली, जिथे कृष्णवर्णीयांना मतदान करणेही मुश्कील होते. त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याला गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये विरोध केला होता. खाजगी हॉटेलात आणि खाजगी नोकरीत कोणाला घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार संघराज्याच्या सरकारला घटनेने दिलेला नाही, हे त्यांचे कारण होते. त्यांच्या हेतूबद्दल मी शंका घेत नाही. पण ‘सरकारने हात घालू नये’ हे वाक्य ज्याला हॉटेलच्या दारातून परत पाठवले जाते त्याच्या कानाला कसे लागते, हे कोल्हापूरकरांना वेगळे समजावून सांगायला नको. 1902 चा हुकूम म्हणजे राज्याने घातलेला हातच होता. हात घातला नसता तर जुनी घडी तशीच राहिली असती आणि तिची मोठ्या प्रेमाने जपणूक करणारे लोकही मिळाले असते. हुजूर पक्षाच्या उमेदवाराला विचारण्याचा खरा प्रश्न म्हणूनच असा, की जी घडी तुम्ही जपणार आहात तिच्यात खाली कोण दबलेले आहे?

रोनाल्ड रेगन यांनी गोल्डवॉटर यांचाच विचार हसतमुखाने मांडला. 28 ऑक्टोबर 1980 च्या वादसभेच्या शेवटी त्यांनी स्वतःबद्दल बोलण्याऐवजी मतदारांनाच विचारले, की चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचे बरे चालले आहे का? आणि जिंकले. सरकार हाच प्रश्न आहे असे पदग्रहणाच्या भाषणात सांगणाऱ्या या अध्यक्षांच्या आठ वर्षांत अमेरिकेचे राष्ट्रीय कर्ज जवळजवळ तिप्पट झाले, एवढे नोंदवून पुढे जातो.

या उमेदवारांचे एक आवडते कारण असे असते, की मी राजकारणी नाही, मी चार दिवसांसाठी येतो आहे, काम झाले की घरी जाईन. याची सर्वांत मोठी परीक्षा 1994 मध्ये झाली. 27 सप्टेंबरला रिपब्लिकन पक्षाच्या तीनशेहून अधिक उमेदवारांनी वॉशिंग्टनमध्ये संसद भवनाच्या पायऱ्यांवर जमून एका जाहीर करारावर सह्या केल्या. खासदारकीच्या मुदतींवर मर्यादा घालण्याच्या प्रस्तावावर मतदान घेऊ, हे त्यातले एक कलम होते. नोव्हेंबरात चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृह त्यांच्या हाती आले. 29 मार्च 1995 रोजी घटनादुरुस्तीच्या बाजूने 227 मते पडली आणि विरोधात 204. दोन तृतीयांश मते हवी होती, म्हणून ती बारगळली. कोणाला काही मोडल्याचा दोष लागला नाही, कारण मतदान घेण्याचे वचन होते आणि ते घेतले गेले.

पण काहींनी स्वतःपुरती शपथही घेतली होती. वॉशिंग्टन राज्यातल्या जॉर्ज नेदरकट यांनी प्रतिनिधीगृहाचे सभापती टॉम फोली यांना हरवले, ते याच मुद्द्यावर : मी तीनच मुदती राहीन. 2000 साल उजाडले आणि नेदरकट चौथ्यांदा उभे राहिले, निवडूनही आले. ओक्लाहोमाचे डॉक्टर टॉम कोबर्न यांचेही वचन तीन मुदतींचे होते. ते 2001 मध्ये खरोखरच घरी गेले. पुढे ते सिनेटवर आले हे खरे, पण दिलेला शब्द प्रतिनिधीगृहापुरता होता आणि तो त्यांनी पाळला. मतदारांनी शब्द मोडणाऱ्याला शिक्षा केली नाही, ही गोष्ट मला दोघांच्या वागण्यापेक्षा अधिक अस्वस्थ करते.

अलीकडे हेच उत्तर अगदी खालच्या पातळीवर ऐकू येते. अमेरिकेत शाळांचा कारभार पाहणारी स्थानिक मंडळे बहुतेक ठिकाणी थेट निवडली जातात, आणि करोनाकाळात शाळा बंद राहिल्यावर, मुखपट्ट्यांवरून आणि वंश व लिंगभाव यांविषयीच्या अभ्यासक्रमावरून वाद पेटल्यावर, अनेक पालक तिथे उभे राहिले. 2021 मध्ये फ्लोरिडात ‘मॉम्स फॉर लिबर्टी’ ही संघटना स्थापन झाली. मी राजकारणी नाही, मी आई आहे, हे तिथले उत्तर. त्यात खोटे काही नाही. पण राज्याने माझ्या मुलात लक्ष घालू नये म्हणून उभी राहिलेली आई निवडून आल्यावर ग्रंथालयातून कोणते पुस्तक काढायचे हे ठरवते, तेव्हा ती दुसऱ्या आईच्या मुलातही लक्ष घालत असते, हा विरोधकांचा आक्षेपही उडवून लावण्यासारखा नाही.

आपल्या जवळचे उदाहरण शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांचे. त्यांना हुजूर पक्षीय म्हटलेले त्यांना खपले नसते. ते स्वतःला स्वतंत्रतावादी म्हणत, आणि 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवणाऱ्या माणसाला परंपरावादी म्हणताही येत नाही. पण पंचाईत तीच होती. शेतकऱ्याचे मरण हेच सरकारचे धोरण, भीक नको, हवे घामाचे दाम, या घोषणांचा अर्थ सरकारने बाजूला व्हावे हाच होता. आपल्या जिल्ह्याला तो झोनबंदीमुळे नेमका कळला : स्वतःच्या रानातला ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा हे शेतकऱ्याने नव्हे, सरकारी हद्दीने ठरवायचे. मी मते मागायला आलो तर मला जोड्याने मारा, असे जोशी सभांतून सांगत. त्याच जोशींनी 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, ज्याच्या नावातच राजाजींच्या 1959 च्या स्वतंत्र पक्षाची आठवण आहे. 2004 ते 2010 ते राज्यसभेत होते आणि मार्च 2010 मध्ये महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध तिथे पडलेले एकमेव मत त्यांचे होते. जोड्याच्या वाक्याची आठवण त्यांना विरोधकांनी जन्मभर करून दिली. मला मात्र ते वाक्य चुकीचे वाटते आणि पक्ष काढणे बरोबर. ज्याला हद्द पुसायची आहे त्याला ती आखणाऱ्या टेबलापर्यंत जावेच लागते, आणि तिथे मतपत्रिकेशिवाय जाण्याचा दुसरा सभ्य रस्ता नाही.

शेवटी एडमंड बर्क, ज्यांना या विचाराचा मूळपुरुष मानतात, जरी ते स्वतः हुजूर पक्षाच्या पूर्वजांना विरोध करणाऱ्या व्हिग पक्षाचे होते. 3 नोव्हेंबर 1774 रोजी ब्रिस्टलमध्ये निकाल लागला. त्यांच्याबरोबर निवडून आलेल्या हेन्री क्रूगर यांनी मतदारांच्या आज्ञा पाळण्याचे मान्य केले होते. बर्क यांनी त्याच व्यासपीठावरून सांगितले, की प्रतिनिधी तुम्हाला केवळ कष्ट देणे लागत नाही, आपली विवेकबुद्धीही देणे लागतो, आणि तुमच्या मतापुढे त्याने ती टाकून दिली तर तो तुमची सेवा करत नाही, विश्वासघात करतो. मग सहा वर्षे ते तसेच वागले. आयर्लंडच्या व्यापाराला सवलती देण्याच्या बाजूने बोलले, तेव्हा ब्रिस्टलचे व्यापारी चिडले. कॅथलिकांवरची बंधने सैल करण्याच्या बाजूने बोलले, तेव्हा बाकीचेही चिडले. सप्टेंबर 1780 मध्ये पराभव दिसू लागल्यावर त्यांनी मतदान चालू असतानाच माघार घेतली. एक उमेदवार नुकताच मरण पावला होता. त्याचा उल्लेख करून, आपण सावल्या आहोत आणि सावल्यांच्याच मागे धावतो आहोत, असे ते म्हणाले. त्यानंतर ते माल्टनहून संसदेत गेले आणि 1794 पर्यंत तिथलेच सदस्य राहिले. माल्टन हे लॉर्ड रॉकिंगहॅम यांच्या मुठीतले गाव होते. तिथल्या मतदारांना विवेकबुद्धीवरचे भाषण ऐकवण्याची बर्क यांना गरज नव्हती आणि ‘उभे का राहता?’ असे विचारण्याची सोय त्या मतदारांना नव्हती.