इंजिनाचं दुखणं माहीत असलेली गाडी

नमस्कार, श्रोतेहो.

जुनी गाडी पाहायला गेलं, की कधी कधी मालक स्वतःच सांगतो, "इंजिनात थोडं काम आहे, म्हणून कमी किमतीत देतोय." ऐकणाऱ्याला बरं वाटतं. माणूस खरं बोलतोय, किंमतही आवाक्यातली आहे. पण त्यानं जे सांगितलेलं असतं, ते बहुतेक वेळा फक्त लक्षण असतं. गाडी गरम होते, धूर मारते, ऑईल खाते, पिकअप नाही. हे कशामुळे होतं, ते त्यालाही माहीत नसतं. खर्च मात्र कारणावरून ठरतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की कारण कळेपर्यंत भावाचं बोलणं सुरूच करू नका.

गाडी गरम होते, हेच घ्या. थर्मोस्टॅट अडकला असेल, रेडिएटरचा पंखा फिरत नसेल, एखादा पाइप गळत असेल, तर काम किरकोळ आहे. पण याच लक्षणामागे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (सिलेंडर हेड) आणि खालचा भाग यांच्यामधलं पॅकिंग, गेलेलं असू शकतं. आणि काटा लाल पट्ट्यात गेल्यावरही कुणी गाडी तशीच दामटली असेल, तर ॲल्युमिनियमचं सिलेंडर हेड वाकडं झालेलं असण्याची मोठी शक्यता असते. मग हेड उतरवा, घासून सपाट करून घ्या, तडा गेलाय का ते तपासा. गॅस्केट स्वतः फारसं महाग नसतं, पैसा जातो तो मजुरीत. शिवाय इंजिन उघडल्यावर आत आणखी काय निघेल, ते आधी कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून मालकाला एक प्रश्न जरूर विचारा : गाडी गरम झाल्यावर तुम्ही लगेच थांबलात, की पुढे चालवलीत?

गाडी पाहायला जाताना आधीच निरोप द्या, की मी येईपर्यंत ती सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवून पाहा. गरम इंजिन पुष्कळ गोष्टी लपवतं. टायमिंग चेनचा, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांची वेळ जुळवून ठेवणाऱ्या साखळीचा खडखडाट, सुरू करतानाचा धूर, हे थंड इंजिनातच नीट कळतं. इंजिन थंड असतानाच कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पातळी बघा, ऑईलचं झाकण उघडा, डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची सळी काढा. डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ दिसलं, तर कूलंट ऑईलमध्ये मिसळतंय असा संशय घ्यायचा. फक्त झाकणाखाली थोडा पिवळट थर असेल, तर घाबरू नका. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत बाष्पानंही तो साचतो. आणि गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं, अंगावर उसळतं.

धुराचा रंगही बोलका असतो. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. सुरू करताना एक भपकारा येऊन थांबला, तर व्हॉल्व्ह सील असू शकतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत येत राहिला, तर पिस्टन रिंगा किंवा टर्बो. पहिल्या कामातून बऱ्याच वेळा कमी खर्चात सुटता येतं, रिंगांसाठी इंजिन उघडावं लागतं. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतोय आणि कूलंट कमी होतंय, तर पुन्हा हेड गॅस्केटकडेच बोट जातं. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी.

आवाजाबद्दल मी स्पष्टच बोलतो. वरून येणारी हलकी टकटक टॅपेटची असेल, तर ती बहुधा निस्तरता येते. पण खालून, जोर दिला की वाढणारा जड ठोका ऐकू आला, तर तो बेअरिंगचा असू शकतो. अशी गाडी सोडून द्या.

आता स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. मीटरवर इंजिनाचा दिवा नाही, याचा अर्थ बिघाड नाही असा होत नाही. कोड पुसले की दिवा विझतो. पण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या काही चाचण्या स्कॅनरवर अपूर्ण दिसतात. मेकॅनिकला त्या मुद्दाम बघायला सांगा. कोड मिळाला तरी तो वाट दाखवतो, मुक्कामाला पोचवत नाही. उदाहरणार्थ, पी०३०० हा कोड म्हणजे मिसफायर, सिलेंडरमध्ये इंधन नीट न जळणं. तो प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की जळलेल्या व्हॉल्व्हमुळे, ते शोधावंच लागतं.

त्यासाठी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजून घ्या. आकड्यापेक्षा सगळ्या सिलेंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत का, ते महत्त्वाचं. पेट्रोल इंजिनाच्या एखाद्या सिलेंडरचा आकडा कमी आला, तर त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजतात. वाढला, तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलेंडरची आतली भिंत, झिजलेली. फरक पडला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलेंडर कमी दाखवत असतील, तर त्यांच्या मधलं गॅस्केट उडालेलं असू शकतं. इतक्या साध्या चाचणीतून इतकं कळतं! मेकॅनिक मात्र तुमचा हवा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. मालक चाचणीला नाही म्हणाला, तर तिथेच बोलणं संपवा.

कारण कळलं, की हिशेब मांडा. त्याच मॉडेलच्या धडधाकट गाडीचा भाव घ्या. त्यातून दुरुस्तीचा मोठ्यात मोठा अंदाज वजा करा. मेकॅनिकनं सांगितलेला सर्वांत कमी आकडा धरू नका. मग आत आणखी काही निघेल, म्हणून थोडी रक्कम राखून ठेवा, आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहील त्या दिवसांचाही विचार करा. मागितलेली किंमत उरलेल्या रकमेहून कमी असेल, तरच पुढे जा. दुसरं जुनं इंजिन बसवू, असं कोणी सुचवलं, तर त्या इंजिनाच्याही याच सगळ्या तपासण्या आल्या, आणि नोंदणीच्या कागदांवरचा इंजिन नंबर बदलून घेणंही आलं.

घरात दुसरी गाडी आहे, हातात पाना धरायची सवय आहे, अशा माणसानं हा व्यवहार जरूर करावा. ज्याची रोजची कमाई एकाच गाडीवर अवलंबून आहे, त्यानं करू नये, किंमत कितीही मोहात पाडणारी असो.

आणि घेतलीच, तर ठरलेला बिघाड व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदलूनच घ्या. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि केलेली सगळी दुरुस्ती वाया जाते. ऑईल आणि फिल्टर नवे घाला. पहिले काही आठवडे ऑईल आणि कूलंटची पातळी रोज सकाळी पाहा, आणि तोवर गाडी लांबच्या प्रवासाला काढू नका.

नमस्कार.