देस म्हणजे लेंड, लेस म्हणजे बॉरो

मंडळी, माझ्या भाषणाचा विषय पत्रिकेत छापलाय, 'इंग्रजीतले गोंधळाचे शब्द आणि व्याकरण'. त्याकडे येतोच. आधी फवारणीच्या पंपाची गोष्ट सांगू द्या.

अमळनेर तालुक्यात नववीला शिकवत होतो. एक मुलगा दर परीक्षेत लिहायचा, 'प्लीज बॉरो मी युअर पेन.' हवं होतं लेंड, म्हणजे उसनं देणं; बॉरो म्हणजे उसनं घेणं. मी दर वेळी लाल रेघ मारायचो. गाइडातली व्याख्या पाठ करून घेतली, दहादा लिहून आणायला लावली. पुढच्या चाचणीत पुन्हा बॉरो. आपल्याकडे देतानाही 'उसनं' आणि घेतानाही 'उसनं'. पोराच्या डोक्यात वस्तू एकच, मग शब्द दोन कशाला?

कपाशीवर मावा पडला त्या दिवसांत तो दोन दिवस आला नाही. विचारलं, तर म्हणाला, "सर, पंप लेवाले गयथू." काकाच्या मळ्यात. मी खडू घेतला. फळ्यावर त्याच्याच घरच्या बोलीत, खानदेशातल्या अहिराणीत, लिहिलं, 'काका पंप देस', म्हणजे देतो. खाली, 'मी पंप लेस', म्हणजे घेतो. 'देस'च्या खाली लेंड, 'लेस'च्या खाली बॉरो. पोरगं फळ्याकडे बघत राहिलं आणि म्हणालं, "मंग पेन तुमी देस, तं लेंड!" वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना एका दमात कळलं. माझे चार आठवडे लाल रेघांत गेले होते.

आणि याच फळ्यावरून मला बोलणी बसली! तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले, इंग्रजीच्या तासाला अहिराणी कशाला? मला ते आजही टोचतं. ज्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, ज्यांनी घरच्या बोलीत ओव्या रचल्या, त्यांचं नाव २०१८ साली आपण जळगावच्या विद्यापीठाला दिलं. आणि आपली घरची बोली पोरांनी चपलांसारखी वर्गाबाहेर काढून ठेवायची? २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. सहा वर्षांच्या लेकराजवळ तेव्हा घरच्या बोलीशिवाय असतं काय? धरायला दुसरा दोरच नसतो.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. तर व्याकरण.

'ही गो' लिहितात ना सगळे? त्यांना अहिराणीत 'तो जास' (जातो), 'ती खास' (खाते) म्हणायला लावा. ही गोज, शी ईट्स. शेवटचा 'स' दोन्हीकडे आहे, फक्त 'गोज'मध्ये त्याचा 'झ' ऐकू येतो. फक्त एक खड्डा आहे: अहिराणीत 'मी जास'ही चालतं, इंग्रजीत 'आय गोज' चालत नाही. तो खड्डा त्याच दिवशी दाखवायचा, नाहीतर पोरगं पडणारच.

'आय ॲम ॲग्री' कुठून येतं? 'मी सहमत आहे' मधल्या 'आहे'तून. तिथे रागावू नका. ॲग्रीच्या पोटातच 'आहे' आलंय, एवढं सांगा.

लिव्ह आणि लीव्ह: पहिली वेलांटी राहणं, दुसरी वेलांटी सोडणं. ॲडव्हाइस हा सल्ला. सल्ला देणं आलं की 'स'चा 'झ'. 'ॲन' अक्षर बघून नाही, कानाने लावायचं: ॲन अवर, पण अ युनिव्हर्सिटी. आणि गोंधळाच्या जोडीतले दोन्ही शब्द पोरांना नवे असतील, तर एकाच तासाला कधीच शिकवू नका. एक मुरू द्या, मग दुसरा.

बाकीच्या जोड्या कागदावर आहेत, मागच्या टेबलावर ठेवल्यात. डावीकडचा रकाना मुद्दाम कोरा सोडलाय. तिथे आपापल्या गावची बोली भरा. धडगावकडच्या गुरुजींनी पावरी भरावी, आणि एक प्रत मला द्यावी.