भुकटीतच ठरतं

चिमट्याच्या टोकावर दिसतोय तो कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा इवलासा भाग. लांबी 1 मिलिमीटर, रुंदी जेमतेम अर्धा. एका स्मार्टफोनमध्ये असे शेकड्यांनी बसवलेले असतात. आत सिरॅमिक आणि धातूचे पापुद्रे एकावर एक रचलेले, आणि चांगल्या कपॅसिटरमध्ये सिरॅमिकचा एकेक थर 1 मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. हा थर बेरियम टायटॅनेटच्या पांढऱ्या भुकटीचा. भुकटी बिघडली, तर पुढची महागडी यंत्रंही काही सावरू शकत नाहीत.

पुण्यात पाषाण रस्त्यालगत, पंचवटीत सी-मेट आहे. 1990 साली सुरू झालेल्या या सरकारी संस्थेचं कामच इलेक्ट्रॉनिक्सला लागणाऱ्या पदार्थांवरचं. अशा प्रयोगशाळांत भुकटी करण्याची सर्वात सरळ रीत कोणती, ते पाहू.

बेरियम कार्बोनेट 197.3 ग्रॅम, टायटॅनियम डायऑक्साइड 79.9 ग्रॅम. प्रमाण जरा हललं, की नको ती संयुगं तयार होतात. बेरियम कार्बोनेट विषारी, त्यामुळे मास्क आणि हातमोजे हवेतच. दोन्ही पुडी बॉल मिलमध्ये जातात, सोबत अल्कोहोल आणि झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकचे गोळे. भांडं तासन्‌तास फिरतं. गोळे स्टीलचे का नाहीत? दळताना गोळेही झिजतात, आणि भुकटीत उतरलेलं लोखंड तिचे विद्युत गुणधर्म बिघडवतं.

मिश्रण वाळवून मुशीत भरायचं आणि भट्टीत 1100 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो. आत गेले 277 ग्रॅम, बाहेर आले 233. ही 44 ग्रॅमची घट काट्यावर दिसली, की अभिक्रिया पूर्ण झाली म्हणून जीव भांड्यात पडतो. तरी क्ष-किरण तपासणी करावीच लागते.

खरी कसोटी पुढेच. तापलेले कण एकमेकांना घट्ट धरतात आणि पिठल्यात राहतात तशा गुठळ्या होतात. थराच्या जाडीएवढी एक गुठळी राहिली, तर तिथेच शॉर्ट होऊ शकतो. पुन्हा दळावं, तर कण फार बारीक होऊन स्फटिकाची टेट्रागोनल, म्हणजे एका दिशेने किंचित ताणलेली घडण सुटू लागते. वीज साठवण्याची ताकद बरीचशी त्या घडणीतच असते. किती दळायचं आणि कधी थांबायचं, हे ठरवणारे हात मला या कामात सर्वात मोलाचे वाटतात.

दुसरी वाट पाण्यातली, हायड्रोथर्मल. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सांभाळणाऱ्या बंद भांड्यात, साधारण 200 अंशांतच बारीक, एकसारखे कण मिळतात. मात्र त्यांच्या पोटात हायड्रॉक्सिल, म्हणजे पाण्यातून आलेले ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट, अडकून राहतात. ते घालवण्यासाठी कण तापवले, की आत सूक्ष्म पोकळ्या उरतात.