सुपारी फुटल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत

नमस्कार, श्रोतेहो.

दोन वैरी राज्यं, तह टिकावा म्हणून ठरवलेली सोयरीक, आणि लग्नाच्या आदल्या रात्री खिडकीतून उतरून पळणारी राजकन्या. कुमारवयीन वाचकांच्या अद्भुत कादंबऱ्यांत ही सुरुवात इतक्यांदा होऊन गेली आहे, की त्या खिडकीला आता कायमची शिडीच लावून ठेवावी. मराठीत अशी कादंबरी लिहायला बसलेल्यांनी ती खिडकी लावून घ्यावी आणि सरळ बैठकीच्या खोलीत यावं. जादू तिथे चालू असते.

साखरपुड्याचं पोथीतलं नाव वाङ्निश्चय. वाणीनं केलेला निश्चय. ठरलेली मुलगी वाग्दत्त, म्हणजे शब्दानं दिलेली. अजून अक्षता पडलेल्या नाहीत, सप्तपदी झालेली नाही. चार माणसांसमोर शब्द उच्चारला गेला आणि दोन घरं एकमेकांची व्याही झाली. अद्भुतकथेत मंत्र वेगळं काय करतो? आणि गंमत अशी, की हा शब्द देतात वडीलधारे. जिच्याबद्दल सगळं चाललंय तिला तिथे एक वाक्यही नसतं. शब्द बांधतो तिला, पण तो तिच्या तोंडचा नाही. कादंबरी या फटीत राहते.

शब्दाची ही ताकद आपल्या बखरीतही आहे. शिमग्याच्या दिवसांत लखुजी जाधवरावांकडे मंडळी जमली होती, लहानगे शहाजी आणि जिजाबाई एकमेकांवर रंग उडवत होते, आणि लखुजी कौतुकानं म्हणाले, जोडा शोभतो. मालोजी तिथेच उठून उभे राहिले: मंडळी, ऐकलंत ना, आजपासून जाधवराव आमचे व्याही! चेष्टेतलं वाक्य साक्षीदारांमुळे सोयरीक झालं, आणि पुढचं सगळं रुसणं-फुगणं त्यातून निघालं. अभ्यासकांना ही दंतकथा वाटते, पण कथानक म्हणून ती पक्की आहे. एक वाक्य, एक साक्षीदारांची सभा, आणि माघार घेतली तर जाणारी अब्रू.

आता आपला नियम बनवू. जादूचा नियम दोन वाक्यांत मावला पाहिजे. तिसरं लागलं तर तो वाचकाच्या लक्षात राहात नाही. उदाहरण घ्या. लग्न ठरलं की आपण म्हणतो, सुपारी फुटली. आपल्या काल्पनिक राज्यात ती खरोखर अडकित्त्यानं फोडतात आणि एकेक खांड एकेका घरात राहतं. दोन्ही खांडं शाबूत आहेत तोवर या दोन घरांतलं कोणी दुसऱ्या घराशी खोटं बोलू शकत नाही.

झाला नियम. तो तपासायचा कसा? पहिलं, त्याचा फायदा कोणाला? दोन्ही राजांना, तहासाठी. म्हणूनच ही प्रथा टिकली. दुसरं, भुर्दंड कोणाला? नायिकेला, कारण नियोजित वरानं पहिल्याच भेटीत विचारलं, ‘तुला हे लग्न हवंय का?’, तर तिला खरं सांगावं लागणार. तिसरं, नियमाच्या बाहेर काय उरतं? गप्प बसणं. ते खोटं नव्हे. म्हणजे तुमचे सगळे चांगले संवाद आता मौनावर चालतील. या तिन्हींपैकी एकाचं जरी उत्तर मिळालं नाही, तर तो नियम नुसता देखावा आहे, दुसरा शोधा.

साखरपुड्याच्या प्रसंगात नवख्या लेखकाचा हात हमखास घसरतो. झुंबरं, पैठण्या, वीस नातेवाइकांची वीस नावं, आणि पानभर वर्णनानंतर अंगठी. त्यापेक्षा यादीचा कागद पाहा. वर ‘श्री’, कोपऱ्यांना हळदीकुंकवाचं बोट, खाली एकाखाली एक कलमं: किती माणसं येणार, मानपान कोणाचा किती, कोणत्या बाजूनं कोणते दागिने. दोन प्रती, दोन्हींवर दोन्हीकडच्या सह्या. कलम वाचलं जाताना कोण मान हलवतं, कोण पानाच्या तबकाकडे बघतं, मामा कुठे खाकरतात, एवढं टिपलंत की दोन्ही घराण्यांचं वैर आपोआप कळतं. तुमच्या यादीत नदीवरचा पूल असेल, तीन किल्ले असतील. पण एक कलम वाचकाला दिसू द्या आणि नायिकेला दिसू देऊ नका. कुंकवाचं बोट नेमकं त्या ओळीवर फिरलेलं असेल तर आणखी चांगलं. प्रसंगात बोलणारी माणसं पाचच ठेवा. बाकीचे जेवायला असतातच.

मग घड्याळ. साखरपुडा आणि लग्न यांच्यात किती दिवस हे न ठरवता लिहिलेली कादंबरी मध्यावर हमखास सांडते. आपल्या पंचांगात घड्याळ तयार आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, मुहूर्त थांबतात. कार्तिकीनंतर तुळशीचं लग्न लागलं की घराघरांतली थांबलेली लग्नं निघतात. सोयरीक आषाढीच्या तोंडावर ठरली तर मध्ये चार चांद्रमास, म्हणजे साधारण 118 दिवस मिळतात. पाऊस, पूर आलेल्या नद्या, बंद घाट, सगळं फुकट. आणि अधिक मास आला तर एक महिना वाढतो. 2023 साली अधिक श्रावण होता. 29 जूनची आषाढी आणि 23 नोव्हेंबरची कार्तिकी यांच्यात 147 दिवस गेले. तुमच्या राज्यातल्या ज्योतिषानं ऐन श्रावणात अधिक मास जाहीर केला, तर तो महिना नायिकेला कोणी मिळवून दिला, हा प्रश्न वाचक तुमच्याआधी विचारेल. मात्र पहिल्या पन्नास पानांत पंचांगाचा उल्लेख येऊन गेलेला असू द्या, नाहीतर ती लबाडी वाटते.

शब्द मोडायचा कसा, याचा उत्तम नमुना इंग्लंडच्या इतिहासात आहे. स्पेनची राजकन्या कॅथरीन. इंग्लंडचा युवराज आर्थर याच्याशी तिचा विवाह ठरवणारा करार 1489 सालचा. 1499 मध्ये ती स्पेनमध्ये असतानाच विधी उरकला. तिच्या जागी उभा राहिला स्पेनचा राजदूत, चक्क एक गृहस्थ. 1501 मध्ये खरं लग्न झालं, पुढच्याच एप्रिलमध्ये आर्थर गेला. हुंडा 2 लाख क्राउन ठरला होता, त्यातला निम्माच चुकता झालेला. मग 1503 मध्ये धाकट्या हेन्रीशी सोयरीक. आणि 27 जून 1505 रोजी, चौदावा वाढदिवस एका दिवसावर असताना, बापाच्या सांगण्यावरून हेन्रीनं गुपचूप निवेदन केलं: मी अल्पवयीन असताना ठरलेलं हे मला मान्य नाही. ती मात्र तशीच वाग्दत्त म्हणून इंग्लंडात अडकलेली, पैशांच्या ओढाताणीत. लग्न लागलं 1509 मध्ये, त्याच हेन्रीशी.

यातून उचलायचं ते वय. जाणतेपणाचा दिवस. तुमची नायिका सतरा वर्षांची ठेवा आणि तिला अठरावं पूर्ण होण्याचा दिवस चातुर्मासाच्या आत पाडा. आपल्या कायद्यात मुलीचं लग्नाचं वय 18 आणि मुलाचं 21. काल्पनिक राज्याला तो लागू नाही, पण वाचणारी मुलं त्याच कायद्याखाली राहतात. त्या दिवशी ती पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं हो किंवा नाही म्हणू शकते. ही पळवाट तिला आधी माहीत नसावी, आणि कुणीतरी ती जाणूनबुजून लपवलेली असावी. बहुधा आजीनं.

बिघडतं कुठे? वर दुष्ट निघाला की कोडंच संपतं. वाईट माणसाला नकार द्यायला धैर्य लागतं, विचार लागत नाही. तो बरा असू द्या, आणि त्यालाही कोणी विचारलेलं नसू द्या. आईबाप क्रूर करू नका. कलमं वाचताना आईचा आवाज एकदा अडखळला तर पुरे. आणि शेवटी एखाद्या नव्याच मंत्रानं बंधन सुटलं, तर वाचक पुस्तक मिटतो.

लांबीचं म्हणाल, तर पहिल्या प्रयत्नाला 45,000 शब्द भरपूर झाले. दीड-दीड हजारांची तीस प्रकरणं. सुपारी तिसऱ्या प्रकरणापर्यंत फुटलीच पाहिजे, वाढदिवस बाविसाव्याच्या आसपास.

आणि शेवटच्या प्रकरणात ती दोन खांडं एका तळहातावर आणा. लग्न लागो वा मोडो, ती कोणाच्या हातात आहेत आणि अडकित्ता कुठे ठेवलाय, हे लिहायला विसरू नका. धन्यवाद.